हेलिकॉप्टरच्या शेपटीचा पंखा

मार्गशीर्ष लागून भाताची झोडणी उरकली म्हणजे शहापूर-मुरबाडकडील मुलुखाचे रूप पालटते. पावसाळ्यात चिखलाने भरलेली खाचरे टणक होतात, बांधाशेजारी पेंढ्याच्या उडव्या उभ्या राहतात, आणि गावाबाहेरचे मुरमाड माळ कोणाच्याच वाटेत न येता मोकळे पडलेले असतात. मध्य रेल्वेच्या आसनगाव स्थानकावर उतरून शहापूर गाठावे, अथवा कल्याणहून मोटारीने मुरबाडचा रस्ता धरावा; एका अंगास माहुलीचे सुळके, दुसऱ्या अंगास सिद्धगड आणि गोरखगड, आणि मधे ही सपाट मोकळीक. शहरातील गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात जे छंद करू नयेत, त्यांना अशी जागा लागते. बिनतारी संदेशाने चालणारे लहानसे हेलिकॉप्टर उडविणे हा त्यांपैकीच एक होय.

या यंत्रास खेळणे म्हणण्याची रीत पडली आहे. पण ती फसवी आहे. मध्यम आकाराचे एक नमुना-हेलिकॉप्टर घ्यावे. त्याचे मुख्य पाते सुमारे 425 मिलीमीटर लांबीचे, म्हणजे दोन पात्यांचा फिरता घेर जवळजवळ एक मीटर रुंदीचा. हा पंखा मिनिटास सुमारे 2500 फेरे घेतो. त्रैराशिक मांडले तर पात्याचे टोक ताशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास धावत असते. मुरबाडच्या गवताळ माळांवर विळा चालविणाऱ्या माणसास निराळे सांगावयास नको, की धारेपेक्षा वेग अधिक कापतो. असे हे यंत्र जमिनीवरून उचलले जाण्यापूर्वी त्याच्या कोणत्या भागाकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे, असे विचारले तर नवशिका मोठ्या पंख्याकडे बोट दाखवितो. जाणत्याची नजर मात्र शेपटीच्या टोकाशी असलेल्या हाताच्या पंजाएवढ्या लहान पंख्याकडे जाते.

तो पंखा तेथे का असतो, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. एरवी त्याची जुळवाजुळव म्हणजे नुसते स्क्रू पिळणे होते. चिखलणी केलेल्या खाचरात एक जाड खांब रोवलेला आहे आणि एक माणूस तो दोन्ही हातांनी पिळून फिरवू पाहतो आहे, अशी कल्पना करावी. खांब उजवीकडे वळविण्यासाठी तो जोर करतो आणि त्याचे पाय मात्र चिखलात डावीकडे सरकतात. पाय कोरड्या जमिनीवर असते तर जमिनीने त्यांस धरून ठेवले असते. हेलिकॉप्टरच्या पायाखाली जमीन नसते; हवा असते, आणि हवा कोणास धरून ठेवीत नाही. मोटार मोठा पंखा एका दिशेस फिरविते, त्याच जोराने यंत्राचे धड उलट दिशेस फिरू लागते. हा उलटा पीळ थोपविण्यासाठी शेपटीच्या टोकाशी आडवा वारा मारणारा पंखा बसवावा लागतो. शेपटी लांब असल्याने तरफेचा फायदा मिळतो, आणि म्हणून लहान पंखा मोठ्याचा तोल राखू शकतो.

ही युक्ती जुनी आहे. रशियातील बोरिस युरिएव्ह याने 1912 च्या सुमारास एक मोठा पंखा आणि शेपटीशी एक लहान पंखा अशी मांडणी केली होती. 1939 च्या सप्टेंबरात इगॉर सिकोर्स्की याने अमेरिकेत आपले व्ही.एस. 300 हे यंत्र दोरांनी बांधून का होईना, पण जमिनीवरून उचलले; पुढे अनेक फेरबदलांनंतर तेही याच मांडणीवर स्थिरावले. लहान नमुन्यांत ही विद्या उतरावयास आणखी तीस वर्षे लागली. 1970 च्या सुमारास जर्मनीच्या दीटर श्ल्यूटर याने बिनतारी संदेशाने खरोखर ताब्यात राहणारे नमुना-हेलिकॉप्टर करून दाखविले. इतका उशीर लागण्याचे कारण उचलण्याची शक्ती कमी पडत होती असे नव्हे. उचललेले यंत्र ताब्यात राहत नव्हते.

येथे एखादा चौकस श्रोता विचारील, की आजच्या ड्रोनला तर शेपटीच नसते. खरे आहे. 2014 पर्यंत ठाणे जिल्ह्यातच मोडणाऱ्या आणि आता पालघर जिल्ह्यात असलेल्या जव्हारहून झाप या दुर्गम गावी 2021 च्या डिसेंबरात ड्रोनने लसीच्या तीनशे मात्रा पोहोचविण्यात आल्या. रस्त्याने सुमारे चाळीस मिनिटे लागणारे अंतर त्या यंत्राने नऊ-दहा मिनिटांत कापले. अशा अनेक पंख्यांच्या यंत्रात निम्मे पंखे उजवे आणि निम्मे डावे फिरतात, त्यामुळे एकाचा पीळ दुसऱ्याकडून परस्पर फिटतो. हेलिकॉप्टरचे ऋण मात्र असे आपोआप फिटत नाही. ते शेपटीला क्षणोक्षणी फेडावे लागते, आणि तेही नेमके. मोठ्या पंख्याने जोर वाढविला की शेपटीने वाढवावा, त्याने कमी केला की हिने कमी करावा. या हिशेबात चूक झाली तर नाक भरकटते.

आता प्रत्यक्ष जुळणीकडे वळू. ही जुळणी माळावर करावयाची नसून घरी, दिव्याच्या उजेडात, टेबलावर करावयाची असते. आणि पहिले काम पात्यांना हात लावण्याचे नाही, मोटारीच्या तारा सोडविण्याचे आहे. बॅटरी जोडल्यावर चुकून कळ सरकली तर टेबलावरचा पंखा फिरू लागतो, आणि त्या वेळी बोटे नेमकी त्याच्याजवळ असतात. हा नियम कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच तो मोडला जातो.

मग शेपटी मागून डोळ्याच्या रेषेत धरून पाहावी. मोठ्या पंख्याचा उभा दंड आणि शेपटीच्या पंख्याचा आडवा दंड हे काटकोनात असले पाहिजेत. शेपटीची नळी तिच्या पकडीत किंचित फिरलेली असेल तर शेपटीचा वारा तिरका लागतो, आणि यंत्र वळताना वर-खाली होऊ लागते. नवशिका तो दोष दुसरीकडे शोधीत बसतो.

मोटारीचे फिरणे शेपटीपर्यंत पोहोचविण्याच्या दोन तऱ्हा आहेत: एक दातेरी पट्टा, दुसरी नळीतून जाणारा दंड. लहान यंत्रांत पट्टा फार चालतो. तो पीठगिरणीच्या पट्ट्याप्रमाणे ताणून बसविण्याचा मोह होतो, तो आवरावा. फार ताणलेला पट्टा मोटारीची शक्ती खातो आणि बेअरिंगे झिजवितो. फार सैल पट्टा ऐन जोराच्या वेळी दात सोडतो. बोटाने किंचित दाबला तर लवावा, पण समोरासमोरच्या दोन बाजू एकमेकींस टेकू नयेत, इतपत ताण बहुधा पुरतो. पट्टा नळीत शिरताना पाव वळसा घेतो. हा वळसा उलट्या बाजूने पडला तर शेपटीचा पंखा उलटा फिरतो, आणि उलटा फिरणारा पंखा वारा मारीत नाही असे नव्हे, पण तो उलट बाजूस मारतो. यासाठी मोठा पंखा हाताने त्याच्या दिशेने हळूच फिरवून शेपटीकडे पाहावे. पात्याची जाड, गोलसर कड पुढे जात असली पाहिजे. बहुतेक नमुन्यांत शेपटीचे खालचे पाते पुढच्या अंगास, मोठ्या पंख्याकडे, सरकते. त्यामुळे पुढच्या बाजूचे पाते वरून येणाऱ्या वाऱ्याला सामोरे चढते आणि त्याची पकड वाढते.

शेपटीचा पंखा मोठ्याच्या सुमारे साडेचारपट वेगाने फिरतो. म्हणजे वर सांगितलेल्या नमुन्यात मिनिटास अकरा हजारांहून अधिक फेरे. हा वेग मोटारीने कमीजास्त होत नाही, तो मोठ्या पंख्याशी बांधलेला असतो. मग वारा कमीजास्त करावयाचा कसा? पात्यांचा कोन बदलून. शेपटीच्या दंडावर एक सरकती फिरकी असते. ती आत-बाहेर सरकली की दोन्ही पात्यांचा कोन एकाच वेळी बदलतो. ती फिरकी एका लांब तारेने सर्व्हो नावाच्या छोट्या विद्युत-हाताशी जोडलेली असते. या तारेच्या लांबीतच जुळणीचे निम्मे मर्म आहे.

सर्व्होचा हात मध्यावर असता तो तारेशी काटकोनात यावा. तसे झाले की फिरकी आपल्या दंडाच्या साधारण मध्यावर असावी, आणि पात्यांचा कोन शून्य नसून, पीळ थोपविण्याच्या बाजूस काही अंश झुकलेला असावा. तोलून धरलेले यंत्र स्थिर राहावे इतका वारा शेपटीने स्वस्थ असतानाच मारला पाहिजे. वळण्यासाठीचा जोर त्याहून निराळा. ही तार आपल्या डोळ्यांतून सहज, अडखळल्याशिवाय सरकली पाहिजे. सर्व्होपासून ती सोडवून बोटाने ओढून पाहावे. कोठे खरखर लागली, कोठे अडकली, तर तो दोष येथेच काढावा. तारेच्या या घर्षणाने यंत्र हवेत डोलू लागते, आणि बहुतेक जण त्याचा ठपका विद्युत-यंत्रणेवर ठेवतात.

बिनतारी यंत्राच्या पेटीवर लहान कळा असतात, त्यांस ट्रिम म्हणतात. नाक एका बाजूस वळू लागले की ती कळ दोन-चार टिचक्या दुसऱ्या बाजूस सारावी, आणि झाले, असा सल्ला दुकानांतूनही मिळतो. तो सल्ला वाईट आहे. तारेची लांबी चुकली असेल तर लांबी सुधारावी. ट्रिमने ती चूक बुजविली म्हणजे सर्व्होची एका बाजूची चाल तितकी खर्ची पडते. मग वाऱ्याचा झोत आल्यावर, किंवा मोठ्या पंख्यास एकदम जोर दिल्यावर, शेपटीला जेव्हा सगळी चाल हवी असते, तेव्हा ती उरलेली नसते. घरातील भिंतीस पडलेली भेग रंगाने झाकावी, तसाच हा प्रकार.

यानंतर जायरो. नाक किती वेगाने वळते आहे हे ओळखणारे हे नखाएवढे उपकरण आहे. हातातल्या काठीने हुकूम न देता नाक हलले, तर ते सर्व्होस परस्पर हुकूम देऊन नाक आवरते. जुन्या काळी यात खरीखुरी फिरती चक्रे असत. आता ती जागा सूक्ष्म विद्युत-भागांनी घेतली आहे. याची परीक्षा सोपी आहे आणि ती कधीही चुकवू नये. प्रथम काठी उजवीकडे सारून सर्व्हो कोणत्या दिशेस जातो हे पाहून ठेवावे. मग यंत्र उचलून त्याचे नाक झटक्याने डावीकडे वळवावे. सर्व्होने आता आपण होऊन, काठी उजवीकडे सारल्यावर तो जिकडे गेला होता, तिकडेच गेले पाहिजे. तो उलट गेला तर जायरोची दिशा उलटी आहे, आणि असे यंत्र जमीन सोडताच भोवऱ्यासारखे गरगर फिरून आपटते. शेपटीच्या सगळ्या चुकांत ही सर्वांत महाग आणि सर्वांत सहज टळणारी चूक.

जायरोच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत तो केवळ वळण्याचा वेग आवरतो. दुसरीत नाक ज्या दिशेस होते ती दिशा तो स्मरणात ठेवतो आणि कितीही वारा असला तरी तेथेच परत आणतो. 1990 नंतर ही दुसरी पद्धत आली आणि छंद पुष्कळ सोपा झाला. पण जुळणी करावयाची ती पहिल्या पद्धतीवर. दुसरी पद्धत यंत्राचे दोष पोटात घालते, आणि ते दोष कळेनासे होतात. दुसऱ्या पद्धतीवर असता टेबलावरच काठी हलवून सोडली तर सर्व्हो परत मध्यावर येत नाही, एका टोकास जाऊन बसतो. हे पाहून कित्येक नवशिके नवे जायरो दोषी ठरवून दुकानात परत नेतात. तो दोष नव्हे. जायरोने वळण्याचा हुकूम दिला, यंत्र टेबलावर असल्याने वळले नाही, म्हणून तो अधिकाधिक हुकूम देत राहिला, इतकेच.

आता माळ. सकाळी उन्हे चढण्यापूर्वीची वेळ उत्तम. दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्राचा वारा या भागापर्यंत पोहोचतो, आणि डोंगराच्या पायथ्याशी तर तो वळसे घेत येतो. 2021 च्या ड्रोन-नियमांत हरित क्षेत्र ठरविलेल्या ठिकाणी 400 फुटांपर्यंत उड्डाणास मोकळीक आहे, पण ते क्षेत्र कोठे आहे हे सरकारी नकाशावर त्याच दिवशी पाहावे. तानसाच्या अभयारण्याजवळ आणि मुंबईस पाणी पुरविणाऱ्या धरणांच्या परिसरात या छंदाचे काही काम नाही. ज्याची जमीन त्यास विचारावे, हे नियमांत लिहिलेले नसले तरी त्याहून मोठे आहे. फाल्गुनापुढे गवत वाळलेले असते. आपटलेल्या यंत्राची बॅटरी फुटली तर वणवा लागू शकतो, म्हणून पाण्याचा आणि वाळूचा एकेक डबा जवळ असावा.

माळावर यंत्र दिसताच गुराखी पोरे भोवती जमतात. त्यांना दूर, पाठीमागच्या बाजूस, बांधाआड बसवावे. या मुद्यावर थोडे थांबणे जरूर आहे. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी येथे एका चोवीस वर्षांच्या वेल्डिंग करणाऱ्या तरुणाने एका माणसाचे हेलिकॉप्टर स्वतःच्या हातांनी बांधले होते. शिक्षण थोडे, कल्पना मोठी, आणि दोन वर्षांची मेहनत. 2021 च्या ऑगस्टात रात्री चाचणी घेताना शेपटीच्या पंख्याचे पाते निखळले, ते मोठ्या पंख्यावर आदळले आणि मोठ्या पंख्याच्या पात्याचा आघात त्या तरुणाच्या डोक्यावर झाला, असे त्या वेळच्या बातम्यांत सांगितले होते. यंत्र अद्याप जमिनीवरच होते. त्या तरुणाच्या हिमतीविषयी पुष्कळ लिहिले गेले आणि ते योग्यच होते. पण लहान नमुना उडविणाऱ्याने त्यातून घ्यावयाची गोष्ट अगदी साधी आहे: शेपटीच्या पात्यांच्या बुडाचे दोन स्क्रू. उड्डाणापूर्वी ते हाताने तपासावे, धातूत धातू बसतो तेथे स्क्रू सैल न होऊ देणारा द्रव लावावा, आणि पात्याला एक केसभर जरी चीर दिसली तरी ते पाते फेकून द्यावे, चिकटवून पुन्हा लावू नये.

पहिले उड्डाण कमरेइतक्या उंचीचे. यंत्र उडविणाऱ्याकडे शेपटी करून ठेवावे आणि नाकाकडे पाहावे, शेपटीकडे नव्हे. शेपटीकडे पाहिले की डावे-उजवे उलटे भासते. जायरो पहिल्या पद्धतीवर ठेवून यंत्र हळूच उचलावे. मोठा पंखा वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरत असेल, आणि बहुतेक नमुन्यांत तो तसाच फिरतो, तर धडाचा कल डावीकडे वळण्याचा असतो. नाक संथपणे डावीकडे सरकत राहिले तर शेपटीचा वारा कमी पडतो आहे. खाली उतरवावे, मोटार बंद करावी, तारेची लांबी अर्ध्या फेऱ्याने बदलून कोन वाढवावा. उजवीकडे सरकले तर कोन कमी करावा. असे तीन-चार वेळा उतरावे लागते. नाक काठी न हलविता जागीच राहिले की तार बरोबर आली, आणि मग जायरो खुशाल दुसऱ्या पद्धतीवर न्यावा.

तोलून धरलेले यंत्र किंचित उजवीकडे कललेले दिसते. ते सरळ करण्याच्या खटपटीस लागू नये. शेपटीचा वारा पीळ थोपवितो, पण त्याच वेळी सगळ्या यंत्रास डावीकडे ढकलतोही. त्या ढकलण्यास उत्तर म्हणून मोठा पंखा थोडा उजवीकडे झुकलेला असावा लागतो. मोठ्या प्रवासी हेलिकॉप्टरांतही हा कल असतो, मात्र त्यांचा पंखा उलट फिरत असेल तर तो डावीकडे.

जायरोची तीव्रता, जिला हौशी मंडळी गेन म्हणतात, ती शेवटी ठरवावी. थोडी कमी असेल तर शेपटी आळसावल्यासारखी थांबते. वाढवीत नेली तर एका क्षणी शेपटी कुत्र्याच्या शेपटीसारखी भरभर हलू लागते. तेथून थोडे मागे यावे. चैत्र-वैशाखात पारा चाळीसाकडे गेला की हवा विरळ होते. वीस अंशांच्या सकाळच्या मानाने सहा टक्क्यांच्या आसपास. पौषात बरोबर आलेली जुळणी तेव्हा किंचित सुधारावी लागते.

आणि कधी पट्टा तुटलाच, किंवा तार निसटली, आणि यंत्र गरगरू लागले, तर? येथे बहुतेकांचे हात चुकतात. ते जोर वाढवितात आणि पीळ आणखी वाढतो. करावयाचे ते नेमके उलट: मोटार तत्क्षणी बंद करावयाची. मोटारच पीळ निर्माण करीत होती. ती थांबली की पीळ नाहीसा होतो आणि गरगरणे मंदावते. मोठा पंखा मात्र आपल्या वेगाने फिरतच राहतो, कारण त्याच्या दंडाशी एकाच दिशेस पकडणारे बेअरिंग असते. त्या उरलेल्या वेगावर, पात्यांचा कोन अखेरच्या क्षणी वाढवून, यंत्र जमिनीवर उतरविता येते. या उतरण्याचा सराव, म्हणजे मोटार मुद्दाम बंद करून उतरणे, चांगल्या यंत्रावर वारंवार करावा लागतो. मोडल्यावर शिकावयास वेळ मिळत नाही.

दहा वाजेपर्यंत उन्हे तापतात आणि वारा उठू लागतो. यंत्र बंद करून प्रथम बॅटरी सोडवावी, मग पोरांना जवळ बोलवावे. त्यांना शेपटीचा पंखा हाताने फिरवून पाहू द्यावा. फिरकी सरकली की पाते कसे वळते हे त्यांना शहरातील मुलांहून लवकर समजते, कारण विहिरीवरचा रहाट आणि बैलगाडीचा आस त्यांनी पाहिलेला असतो. या माळावरच्या लाल मुरमाची धूळ पट्ट्याच्या दातांत बसते आणि ती घरी गेल्यावर काढीन म्हटले तर राहून जाते. जुना दात घासण्याचा ब्रश घेऊन ती तेथेच, बांधावर बसून झाडावी, आणि आसनगावची गाडी गाठावी.